पीएम रिपोर्टची वाट बघताना

काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाचा खून झाला. त्यानंतर सात महिने आमच्या घरात एकच वाक्य फिरत होतं: "रिपोर्ट अजून आला नाही." रिपोर्ट म्हणजे पीएमचा, पोस्टमॉर्टेमचा, म्हणजेच शवविच्छेदनाचा. काकू म्हणायची, शेजारी विचारायचे, विमा एजंट फोन करायचा. कोणता रिपोर्ट, कुणाकडून कुणाकडे यायचा, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. खूप उशिरा कळलं की आम्ही ज्याला एक कागद समजत होतो ते चार-पाच वेगळे कागद होते, आणि त्यातले दोन तर पहिल्याच आठवड्यात ठाण्याच्या फायलीला लागले होते. नंतर नात्यातल्या आणि गावातल्या आणखी काही कुटुंबांबरोबर मी सिव्हिल हॉस्पिटलला आणि पोलीस ठाण्यात गेलो. त्या येरझाऱ्यांत जे कळलं ते इथे लिहितो आहे. पद्धत महाराष्ट्रातली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, म्हणून कलमं नवीच दिली आहेत.

डॉक्टरांच्या आधी पोलिसांचा कागद

शवविच्छेदनाआधी मरणोत्तर पंचनामा होतो. ठाण्यात त्याला इन्क्वेस्ट म्हणतात. कलम १९४ प्रमाणे पोलीस अधिकारी परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित व्यक्तींसमोर मृतदेह पाहतो, अंगावरच्या जखमा आणि खुणा लिहितो, वरवर दिसणारं मृत्यूचं कारण नोंदवतो. हा अहवाल २४ तासांत जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा. हाच कागद डॉक्टरांच्या हातात पडतो, म्हणून इथली चूक पुढे लांबपर्यंत जाते.

आमचा पंचनामा जीपच्या बॉनेटवर लिहिला गेला. हवालदार विचारत होते, माझा दुसरा भाऊ मान हलवत होता. शेवटी "इथे सही करा" म्हटल्यावर त्याने सही केली. डाव्या मनगटाजवळ दोन बारीक चिरा होत्या, त्या पंचनाम्यात आल्याच नाहीत. डॉक्टरांनी मात्र त्या बरोबर टिपल्या. वार अडवताना हातावर होतात तशा त्या जखमा होत्या, म्हणजे साधी गोष्ट नव्हती. खटल्यात आरोपीच्या वकिलाने याच फरकावर अर्धा तास घालवला.

म्हणून घरातलं जे माणूस त्यातल्या त्यात सावरलेलं असेल त्यानेच पुढे व्हावं. मेहुणा, मामा, मित्र, कुणीही चालेल. सही करण्याआधी मजकूर वाचून दाखवायला सांगा. दिसलेली जखम लिहिली नसेल तर "साहेब, हेही लिहा" एवढं म्हणा. शेवटचं जेवण कधी झालं, कोणती औषधं चालू होती, आधीचं आजारपण काय होतं, हे आपणहून सांगा. पोटातलं अन्न किती पचलं आहे यावरून डॉक्टर मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधतात, तेव्हा "साडेआठला जेवून गेला" या वाक्यालाही मोल असतं.

मयत स्त्री असेल आणि लग्नाला सात वर्षं झालेली नसतील, तर हे पहिल्याच मिनिटाला सांगा. संशयास्पद मृत्यू असेल तर तिथे चौकशी दंडाधिकाऱ्याने करायची असते, आणि प्रत्यक्षात तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतात. सासरचे लोक घाईघाईने सगळं उरकायला बघत असतील, तर माहेरच्यांनी अडून बसायची जागा हीच.

त्याच दिवशी एका वहीत गुन्हा नोंद क्रमांक लिहून घ्या. काही वेळा सुरुवातीला फक्त अकस्मात मृत्यूची नोंद होते, मग तिचा क्रमांक घ्या. तपासी अंमलदाराचं नाव, हुद्दा, मोबाइल घ्या. "पीएम रिपोर्ट आला की गुन्हा दाखल करू" असं कुणी म्हणालं, तर ते खरं नाही. दखलपात्र गुन्हा घडल्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ठाण्याने नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

शवागाराबाहेर

संध्याकाळनंतर मृतदेह आला तर बहुतेक वेळा सकाळ उजाडेपर्यंत थांबावं लागतं. यावरून रात्री शवागाराबाहेर भांडणं होतात, मी पाहिली आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला मुभा दिली. पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय, ही प्रकरणं कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिल्याशिवाय रात्री करू नयेत, असं त्यातच म्हटलं आहे. कारण पटण्याजोगं आहे. दिव्याच्या पिवळट उजेडात मुक्या माराचा रंग चुकतो, आणि नेमका तोच रंग मार किती जुना हे सांगतो. तेव्हा ती रात्र काढा. दोन माणसं थांबवा, बाकीच्यांना घरी पाठवा, म्हाताऱ्यांना तर नक्कीच.

पोलीस प्रकरणात शवविच्छेदनाला नातेवाइकांची संमती लागत नाही, आणि नकार देऊन ते टळतही नाही. सरकारी रुग्णालयात त्याचे पैसे नसतात. टाके घालून, स्वच्छ करून मृतदेह परत देतात. "चिरफाड केली" हा शब्द घरात वापरू नका. आमच्या काकूच्या मनात तो शब्द वर्षभर रुतून बसला होता.

अंगावरचे कपडे परत मागू नका. ते वाळवून, सील करून पुरावा म्हणून जातात. दागिने, पैसे, मोबाइल यांची नोंद पंचनाम्यात आहे ना, एवढं बघा. जे जप्त झालं ते मुद्देमालात जमा होतं आणि नंतर न्यायालयात अर्ज करून सोडवता येतं.

काही शंका असेल, म्हणजे आरोपी वजनदार आहे, मृत्यू कोठडीत झाला आहे किंवा गावातल्या ग्रामीण रुग्णालयात घाई चालली आहे, तर शवविच्छेदनाच्या आधी लेखी अर्ज द्या. वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागात शवविच्छेदन व्हावं, चित्रीकरण व्हावं, अशी मागणी करता येते. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोच घ्या. आपल्याकडे "आरोपीला अटक होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेणार नाही" म्हणून लोक रुग्णालयाबाहेर बसतात. त्यांचा राग मी समजू शकतो. तपास हलवायला कधीकधी तेवढा एकच मार्ग उरलेला असतो. पण बसायचंच असेल तर मागणी कागदावर द्या. तोंडी आश्वासन मिळतं, गर्दी पांगते, आणि दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर असतात.

अंत्यविधीचा निर्णय

दहन झाल्यावर दुसऱ्यांदा शवविच्छेदन होऊ शकत नाही. दफन केलं असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह बाहेर काढून पुन्हा तपासता येतो. मनात खरोखर शंका असेल, तर याचा विचार त्या एकाच तासात करावा लागतो. शंका नसेल तर उगीच निर्माण करू नका, आपल्या रीतीप्रमाणे निरोप द्या.

मृतदेह घेताना ताबा पावतीचा मोबाइलवर फोटो काढा. मुंबईहून कोकणात किंवा पुण्याहून मराठवाड्यात न्यायचा असेल, तर पोलिसांचं पत्र आणि रुग्णालयाचा दाखला मूळ स्वरूपात बरोबर ठेवा. नाक्यावर आणि स्मशानात दोन्हीकडे तेच मागतात.

कोणता कागद कुठे असतो

हा भाग सावकाश वाचा, कारण "रिपोर्ट आला का?" या प्रश्नाला ठाण्यात उत्तर मिळत नाही. कागदाचं नाव घेऊन विचारलं की मिळतं.

पहिला कागद त्याच दिवशी तयार होतो: मृत्यूच्या संभाव्य कारणाचा छोटा दाखला. बऱ्याच ठिकाणी त्याला अॅडव्हान्स सर्टिफिकेट म्हणतात. डॉक्टर तो पोलिसांना देतात. त्यावर एकदोन ओळी असतात. एक तर थेट कारण, जसं भोसकल्याच्या जखमांमुळे झालेला रक्तस्राव. नाही तर "मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन". व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे तुकडे.

दुसरा म्हणजे सविस्तर शवविच्छेदन अहवाल, छापील रकान्यांचा. तो तयार व्हायला काही दिवस लागतात आणि तोही पोलिसांकडेच जातो. रुग्णालयाच्या खिडकीवर गेलात तर ते बहुधा ठाण्याकडे बोट दाखवतात. तिथल्या कारकुनाशी वाद घालून उपयोग नाही. तपासी अंमलदारालाच लेखी अर्ज द्या.

तिसरा प्रयोगशाळेचा, ज्याला पोलीस, वकील सगळेच सी.ए. (केमिकल अॅनालायझर, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट म्हणतात. मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत कलिनाला आहे. प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर इथे आहेत. रक्त, कपडे, हत्यार, डीएनए यांचे अहवाल वेगवेगळ्या विभागांतून येतात, म्हणून ते एकाच दिवशी येत नाहीत. अवयवाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा असेल तर तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात जातो. त्याचा अहवाल आणखी निराळा.

चौथा कागद लोकांना माहीतच नसतो: अंतिम मत. डॉक्टरांनी मत राखून ठेवलं असेल तर सी.ए. रिपोर्ट आला म्हणजे काम संपलं असं होत नाही. तपासी अंमलदाराने तो रिपोर्ट घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जायचं, आणि डॉक्टरांनी सगळं जुळवून मृत्यूचं कारण लिहून द्यायचं. ही फेरी राहून जाते. आमच्या बाबतीत प्रयोगशाळेचा अहवाल येऊन ठाण्यात दोन महिने पडून होता, मधल्या काळात तपासी अंमलदाराची बदली झाली होती, आणि आम्ही बापडे रोज "लॅबकडून आलं नाही" असंच ऐकत होतो.

पाचवा हत्यार सापडलं तर. पोलीस ते सीलबंद डॉक्टरांना दाखवून लेखी विचारतात की या जखमा याने होऊ शकतात का. त्या उत्तराचा कागद खटल्यात फार वजनाचा ठरतो.

व्हिसेरा आणि लांबलेले महिने

व्हिसेरा ठेवला म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते: विष दिलं होतं का? काही लपवतायत का? तसं नसतं. जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त पाण्यात, रुंद तोंडाच्या बरण्यांत ठेवतात. रक्त वेगळ्या बाटलीत. वर लेबल आणि लाखेचं सील. अंगावर उघड वार असतानाही आधी गुंगीचं काही पाजलं होतं का, दारू होती का, हे बघायला नमुने पाठवले जातात.

वेळ लागतो तो दोन ठिकाणी. प्रयोगशाळेत प्रकरणांची रांग असते, तिथे कुटुंबाला फारसं काही करता येत नाही, आणि महिने जाऊ शकतात. दुसरी जागा त्याच्याही आधीची, ठाण्यातली. बरण्या पत्रासह कुणी शिपाई स्वतः घेऊन जातो. बंदोबस्त, निवडणूक, सण, माणूस मोकळा नाही, आणि पार्सल कपाटात तसंच राहतं. एका कुटुंबाबरोबर मी गेलो तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि पार्सल तालुक्याबाहेर गेलंच नव्हतं. विचारायचं ते इतकंच: नमुने कोणत्या तारखेला पाठवले, जावक क्रमांक काय, प्रयोगशाळेने दिलेल्या पोचेवरचा क्रमांक काय. हे तीन तपशील वहीत आले की पुढच्या चौकशीला आधार मिळतो.

पंधरा दिवसांतून एकदा जा, रोज नको. रोज गेलात की तुम्ही ठाण्याच्या बाकावरचं सामान होऊन जाता. जाताना एका पानाचा अर्ज न्या आणि पोच घ्या. कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि मयताचे कायदेशीर वारस 'पीडित' या व्याख्येत बसतात. अर्जात हे कलम लिहा. ठाणे अर्ज घेत नसेल तर तोच मजकूर उपविभागीय पोलीस अधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा.

आरोपी कोठडीत असेल तर खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून सी.ए. रिपोर्ट आला नसला तरी पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात आणि अहवाल नंतर पुरवणी म्हणून जोडतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट, ८० दिवस उलटले आणि हालचाल दिसत नसेल तर घाबरा, आणि लेखी विचारा. दोषारोपपत्र गेल्यावर, तुमचा वकील हजर असेल तर कलम २३० खाली त्याची आणि सोबतच्या कागदांची प्रत विनामूल्य मिळते. सगळा शवविच्छेदन अहवाल हातात यायची खात्रीची वाट तीच. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

जी कामं अडून राहू नयेत

मृत्यूचा दाखला पीएम रिपोर्टसाठी थांबत नाही. मृत्यू जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत २१ दिवसांत नोंद करायची. गाव कुठलं आहे याचा संबंध नाही. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, कायद्यानेच ते देता येत नाही. म्हणूनच विमा कंपनी दाखल्यावर भागवत नाही, एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल मागते, आणि मत राखून ठेवलेलं असेल तर अंतिम मतही. तरी दाव्याची सूचना आधीच देऊन ठेवा. "शवविच्छेदनाचा अंतिम अहवाल आल्यावर सादर करू" असं लिहून पोच घ्या.

मयताचं पासबुक उघडून मे महिन्याच्या अखेरीला २० रुपये कापले आहेत का बघा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, दोन लाखांची, आणि खुनाने झालेला मृत्यू तिच्यात धरला जातो. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा. तिथेही दोन लाख आहेत आणि खून त्या यादीत आहे. मुदत छोटी असते, म्हणून तेरावं झालं की लगेच. अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा असेल तर खुनासाठी ठरलेल्या ८ लाख २५ हजारांपैकी निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यायची असते. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे लेखी मागा, आपोआप येईल म्हणून बसू नका.

बातमीदार पहिल्या दिवसापासून फोन करतात. घरातल्या एकानेच बोलावं. "प्राथमिक अहवालात असं आलंय" म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरतं ते बहुतेक कुणाचं तरी ऐकीव असतं. मृतदेहाचे फोटो घरच्या ग्रुपवरही ठेवू नका, मुलांच्या हातात मोबाइल असतात.

अहवाल हातात आल्यावर

एकट्याने वाचू नका, रात्री वाचू नका. आम्ही ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर उघडला, ते चुकलं.

महाराष्ट्रातल्या छापील नमुन्यात १७ व्या रकान्यात बाहेरून दिसणाऱ्या जखमा असतात: क्रमांक, प्रकार, लांबी-रुंदी-खोली, जागा. १९ वा डोक्याचा, २० वा छातीचा, २१ वा पोटाचा. शेवटी मृत्यूचं कारण. जखमांचे प्रकार नीट समजून घ्या: खरचटणं, मुका मार, बोथट वस्तूने फाटलेली जखम, धारदार शस्त्राची कापीव जखम, भोसकल्याची. जखमा मृत्यूपूर्वीच्या आहेत की नंतरच्या, हेही लिहिलेलं असतं. १७ वा रकाना मरणोत्तर पंचनाम्याशी ताडून बघा आणि फरक वकिलाला दाखवा. विष सापडलं नाही असा सी.ए. रिपोर्ट आला तर केस पडली असा अर्थ काढू नका. वारांनी झालेला मृत्यू वारांनीच झालेला असतो. आणि अहवाल कसं ते सांगतो, कुणी ते सांगत नाही. आरोपीचं नाव त्यात नसतं, ही गोष्ट घरातल्या थोरांना आधीच समजावून ठेवा.

काकूला त्या रकान्यांतलं काहीच नको होतं. तिला एकच विचारायचं होतं. तपासी अंमलदाराच्या परवानगीने आम्ही शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. असं भेटता येतं, विचारून बघा, बरेच डॉक्टर नाही म्हणत नाहीत. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "डॉक्टर, लेकरू किती वेळ तडफडलं?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. छातीतली एक जखम थेट हृदयाला लागली होती, त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून जागा दाखवली. "माउली, शुद्ध लगेच गेली असेल. काही क्षणच." काकूने पदर तोंडाला लावला, आणि बाहेर आल्यावर त्या दिवसानंतर पहिल्यांदा चहा मागितला.